रीडिंग

गोळीबार चौकात माझं दुकान, सीटकव्हरचं.
उन्हाळ्यात कूलरचे पडदे, बाकी वर्षभर रेग्झीन.
नवतपा लागायच्या आठ दिवस आधी
तेजराम पराते आला, घरोघरचे मीटर वाचणारा.
काउंटरवर बाटली ठेवून म्हणाला,
"ताई, यात पत्ती टाकली तं चहा होते."
हात लावून पाहिला. खोटं नव्हतं.

बाजारातलं कव्हर होतं त्याच्याकडे, निळं, वर पेंग्विन.
उसवलं. आत फोम पापडाएवढा.
पेंग्विनच जाड होता.

वडील ट्रकवर होते माझे, कामठी ते रायपूर.
बंपरला कॅनव्हासची छागल लोंबायची,
थोडं पाणी वाऱ्याला देत
आणि उरलेलं गार ठेवत.
मी आधी तेच शिवायला घेतलं:
वरून ओला कॅनव्हास, आतून स्कूटरच्या सीटचा फोम.
दोन शहाणी माणसं एका खोलीत कोंडावी तसं झालं.
गारवा बाहेरच्या बाहेर गेला,
फोमने त्याला आत येऊच दिलं नाही.
एक सोडावं लागणार होतं.
पारडीच्या गल्ल्यांमधून हिंडताना
कव्हर ओलं कोण करत बसेल?
छागल सोडली.
त्या रात्री डिझेलचा वास आला झोपेत.

मग कोरडं. बारा एमएमचा फोम,
आतून चंदेरी पडदा, कुण्या कारवाल्याने
काचेवरून काढून टाकलेला,
बाहेरून पांढरं रेग्झीन, मळतं म्हणून कोणी घेत नाही ते.
सुई जिथे शिरते तिथून ऊनही शिरतं,
म्हणून आतली शिवण एका अंगाला, बाहेरची दुसऱ्या,
भांडलेल्या जावांसारख्या
समोरासमोर येऊच दिल्या नाहीत.

फिशटँकवाल्याकडून थर्मामीटर आणला.
तेजराम पावतीच्या पाठीमागे लिहून आणायचा, त्याच्या सवयीने,
आकड्यांखाली रेघ मारून:
आठ वाजता सहा.
अकराला पंधरा.
एकला सव्वीस.
तीनच्या पुढे आकडा नाही. "चहा."

मी झाकण पाहिलं, चेन पाहिली, गळ्याचं इलॅस्टिक बदललं.
दोन दिवस गेले.
तिसऱ्या दिवशी तो दुकानासमोर गाडी लावत होता,
आणि बाटली कुठे, तर पायाखाली,
तापलेल्या पत्र्यावर उभी.
कव्हरला बूड होतं एकेरी कापडाचं.
मी मूर्ख, सगळं ऊन वरूनच येतं म्हणून
आभाळाकडे बघत शिवत बसले होते.

बुडाला फोमच्या तीन चकत्या घातल्या.
तीन वाजता तेवीस.
चार तासांत घरोघरची गुर्मी ऐकून आलेला माणूस
त्या तेवीसवर असा हसला
की मी शिलाईचे पैसे सांगायला विसरले.

पण सांगितलं त्याला, हे गार करत नाही काही.
फक्त उशीर करतं.
म्हणाला, "मंग? माह्या घरचं बिल मी तसंच तं भरतो."

काल नवतप्याचा सहावा दिवस.
रस्ता असा की चप्पल उचलताना आवाज येतो.
तो आला साडेचारला, चिठ्ठी पुढे केली.
आठला सहा. अकराला अकरा.
त्यापुढे बंद घरांसाठी लिहितात तशी खूण, आडवी रेघ.
बाटली मोकळी होती.

"वाठोड्याला एका बांधकामावर वॉचमन होता," तो म्हणाला,
"म्हातारा. म्हणे, जरासं दे.
जरासं म्हणता म्हणता पूर्ण पेला.
मंग मले पाहून लाजला."

मी वहीत एक आणि तीन या वेळांपुढची जागा रिकामी ठेवली.
तेजरामने काउंटरवरची टेप उचलून माझ्या हातात दिली.

"आता दोन लिटरचं माप घ्या, ताई.
पट्टा जरा रुंद ठेवा. खांद्याले रुतते."